तबला आला की रिसीव्हर 'टक्' करून बंद – टॉवर स्पीकरला अॅम्प कुठला घ्यावा?

गंगापूररोडकर | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात मुंबईच्या एका गृहस्थांकडून वापरलेले टॉवर स्पीकर घेतले. परदेशी बनावट आहे. नाव सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. कसारा घाटात टेम्पोत गोधड्या गुंडाळून, मी स्वतः मागे बसून आणले. मागच्या लेबलवर लिहिलंय: ४ ओहम, ८६ डीबी, २.८३ व्होल्ट, १ मीटर. घरात आधीपासून होम थिएटरचा रिसीव्हर आहे (त्यातच अॅम्प्लिफायर, म्हणजे अॅम्प असतो), खोक्यावर '७ x १०० वॉट'. म्हटलं शंभर वॉट आहेत, पुरतील.

विलंबित चालू असेपर्यंत स्वर्ग. पण रविवारी घरात कोणी नसताना आवाज वाढवला, तबलजीने डग्ग्यावर जोरात थाप मारली आणि टक्! लाल दिवा, सगळं शांत. पाच मिनिटांनी पुन्हा चालू केला, पुन्हा त्याच जागी टक्. आता घरी त्या स्पीकरना 'जय-विजय' म्हणतात, कारण दारात उभे असतात आणि काही करत नाहीत.

हॉल १२ बाय १६ फूट, बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटर. एका दुकानदाराने सांगितलं, '२०० वॉटचा घ्या, डोळे मिटून.' बजेट दीड लाखापर्यंत, वापरलेला चालेल. काय घेऊ?

---

उगाच_एक | शनिवार, रात्री ११:५२

शंभर वॉट कुठले? लहानपणी आमच्याकडे टू-इन-वन होता, त्यावर '१००० वॉट पीएमपीओ' असं चंदेरी अक्षरात लिहिलेलं. सहा सेलवर चालायचा. त्या हिशोबाने एकलहरेचं औष्णिक केंद्र बंद करून सगळ्या नाशकाला तोच पुरला असता.

बाकी जाणकार येतीलच. चिवडा घेऊन बसलोय.

---

देवळालीकर | रविवार, सकाळी ७:१५

अभिनंदन! आता एक सल्ला ऐका, आयुष्यभर दुवा द्याल: व्हॉल्व्हकडे (काचेच्या नळ्यांच्या अॅम्पकडे) या. ३००बी नावाच्या व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड अॅम्प ऐका. आठ वॉट, पण गायिका समोर येऊन बसते. वॉट मोजणारे लोक संगीत ऐकत नाहीत, वीजबिल ऐकतात.

---

मीटरवाले | रविवार, सकाळी ९:०५

गंगापूररोडकर, आधी हात जोडून विनंती, आज काहीही विकत घेऊ नका. ना २०० वॉट, ना ८ वॉट.

(मी अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टेस्टिंगला होतो. मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे.)

तुमच्या लेबलवर तीन गोष्टी आहेत, त्या एकत्र वाचायच्या. ८६ डीबी ही स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मीटरवर किती आवाज येतो ते; हा आकडा २.८३ व्होल्टला दिलाय. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला बरोबर १ वॉट. पण तुमचा स्पीकर ४ ओहमचा. तिथे तेवढेच व्होल्ट २ वॉट खातात. शक्ती दुप्पट म्हणजे ३ डीबी, म्हणून १ वॉटच्या हिशोबाने तुमचा स्पीकर ८३ डीबीचा आहे. यात फसवणूक नाही, फक्त लेबल दुकानाच्या बाजूने लिहिलंय.

आता तुमच्या खुर्चीत बसू. ३ मीटरवर मोकळ्या मैदानात साडेनऊ डीबी गळतात. घरात भिंती काही परत देतात, म्हणून सहा धरा. दोन स्पीकर आहेत म्हणून तीन मिळवा. म्हणजे दर स्पीकरला २ वॉट दिले की (८६ उणे ६ अधिक ३) खुर्चीत ढोबळमानाने ८३ डीबी. हा आवाज घरातल्यांनी 'जरा कमी कर' म्हणण्याइतका आहे. रोजचं ऐकणं ७५च्या आसपास असतं, त्याला पाव-अर्धा वॉट लागतो. हो, पाव!

मग उरलेले वॉट कशाला? थापेला. चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी आणि थापेचं टोक यात १५ ते २० डीबीचा फरक सहज असतो. तुम्ही सरासरी ८३ वर ऐकत असाल, तर थाप १०० ला जाते. १७ डीबी जास्त म्हणजे पन्नासपट शक्ती. २ चे झाले १०० वॉट. तेही क्षणभर, पण द्यावेच लागतात.

आता गंमत बघा. ४ ओहमला १०० वॉट म्हणजे २० व्होल्ट आणि ५ अँपिअर. तुमचा रिसीव्हर ८ ओहमला खरोखर १०० वॉट देत असेल, तर त्याच्याकडे २८ व्होल्ट आहेत. म्हणजे व्होल्ट मुबलक आहेत, कमी पडतोय तो करंट. टाकीत पाणी आहे, नळ अर्ध्या इंचाचा आहे. २०० वॉटवाल्या दुकानदाराने मोठी टाकी सुचवली, नळाचं विचारलंच नाही.

आणि '४ ओहम' ही झाली सरासरी ओळख. खरा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो लेबलच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ४ चा ३.२ पर्यंत. बरेच उत्पादक हे मनावर घेत नाहीत. तुमचा कुठे आणि किती खाली जातो ते कळलं, तर 'टक्' का होतं ते कळेल.

---

तांबटलेन | रविवार, सकाळी १०:३०

काका, केबलचं राहिलं. माझा जन्म तांबट लेनमध्ये गेला, सकाळी हातोड्याच्या ठोक्यांनी जाग यायची, तेव्हा तांब्याचं मला कोणी शिकवू नये. लोक वीस-वीस हजारांची स्पीकर केबल घेतात. तुमच्या कामाला वायरिंगच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर बास. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, एकूण रोध ०.०७ ओहमच्या आसपास. एक चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.१८. हा फरक खरा. वीस हजारांत जास्तीचं मिळतं ते वेष्टन.

---

देवळालीकर | रविवार, सकाळी १०:४४

केबलवर प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). नाहीतर हा धागा शंभरी गाठेल आणि अॅम्प राहूनच जाईल.

मीटरवाले, तुमचं गणित मान्य. पण माझ्या बैठकीत आठ वॉटवर मी गेली नऊ वर्षं सुखाने ऐकतोय. कसं?

---

मीटरवाले | रविवार, सकाळी ११:२०

कारण तुमचे स्पीकर ९६ डीबीचे आणि ८ ओहमचे आहेत, हे तुम्हीच मागे एका धाग्यात लिहिलं होतं! तिथे ८ वॉटला खुर्चीत १०२ डीबी निघतात. यांच्या स्पीकरवर तोच अॅम्प लावला तर ८९ ला दम संपेल. रात्री हळू आवाजात ऐकायला तेही चालेल, डग्ग्याची थाप मात्र बसकी येईल. तुमची जोडी जुळलेली आहे साहेब, त्याचं श्रेय एकट्या नवऱ्या मुलाला देऊ नका.

---

गंगापूररोडकर | रविवार, दुपारी १२:१०

काका, डोक्यात प्रकाश पडतोय. इम्पिडन्स घरी मोजता येईल का? माझ्याकडे फक्त गाडीच्या बॅटरीसाठी घेतलेला मल्टिमीटर आहे.

---

मीटरवाले | रविवार, दुपारी १२:५०

तो स्वस्तातला मीटर एसीत एक व्होल्टच्या खालचं धड दाखवत नाही. माझा घेऊन जा, सोबत १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर देतो. अॅम्पच्या लाल टोकातून रेझिस्टर, रेझिस्टरमधून स्पीकर, स्पीकरमधून काळ्या टोकात परत. फोनमधल्या टोन जनरेटर अॅपने साइन वेव्ह सोडायची, *अगदी हळू आवाजात*. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला दोन व्होल्टेज घ्यायची: एक स्पीकरवरचं, एक रेझिस्टरवरचं. स्पीकरचं भागिले रेझिस्टरचं, गुणिले १०. झाला इम्पिडन्स. दोन्हींतून करंट एकच जातो, म्हणून हे जमतं.

तीन पथ्यं. लाल-काळं एकमेकांना चिकटू देऊ नका. मोठ्या आवाजात टोन सोडू नका, ट्विटर (पेटीतला वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) जातो. एक किलोहर्ट्झच्या वर माझ्याही मीटरवर विश्वास ठेवू नका. आणि दोन्ही स्पीकर मोजा.

---

गंगापूररोडकर | सोमवार, रात्री १०:३५

मोजलं! सौ.ने टॉर्च धरला, मुलीने वहीत लिहिलं. प्रत्येक टोनला ती 'डास आला' म्हणत होती. उजव्या स्पीकरचे आकडे:

३८ हर्ट्झ – ४.४ ओहम
६० हर्ट्झ – १४
८० हर्ट्झ – ५.१
११० हर्ट्झ – ३.१
२०० हर्ट्झ – ३.९
४०० हर्ट्झ – ५.२
१००० हर्ट्झ – ८ च्या जवळ, नक्की सांगता येत नाही

११० ला स्पीकरवर ०.२३७ व्होल्ट, रेझिस्टरवर ०.७६३. तीनदा घेतलं, तेच आलं.

---

मीटरवाले | सोमवार, रात्री १०:५८

वा! कारखान्यात असता तर चहा पाजला असता.

३८ च्या आसपासचा खळगा स्पीकरच्या पोर्टचा (पेटीला हवेसाठी ठेवलेल्या भोकाचा), तो सगळ्याच पोर्टवाल्या पेट्यांत असतो. खरा चोर ११० ला बसलाय. २० व्होल्टला ३.१ ओहम म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि शिखरावर नऊ. त्यात फेजची भर. व्होल्टेज आणि करंट एका तालात नसले की आउटपुट ट्रान्झिस्टरवर मीटर दाखवतो त्याहून बराच जास्त ताण येतो. डग्ग्याची थाप, पुरुष गायकाचा खालचा पट्टा, सगळं याच भागात. म्हणून विलंबितात आलापी चालते आणि तबला आला की टक्.

आता एक सांगा. रिसीव्हरच्या मेन्यूत 'स्पीकर इम्पिडन्स' असं काही आहे का?

---

गंगापूररोडकर | सोमवार, रात्री ११:१५

आहे. ४ ओहमवर ठेवलंय. बसवायला आलेल्या मुलाने लेबल बघून केलं होतं. बरोबरच आहे ना?

---

मीटरवाले | सोमवार, रात्री ११:३२

ऐकायला बरोबर. पण बऱ्याच रिसीव्हरमध्ये ही सेटिंग आतल्या पॉवर सप्लायचं व्होल्टेजच खाली आणते, म्हणजे पेटी तापून चाचणीत नापास होऊ नये. करंट वाढत नाही, उलट व्होल्टही गेले. नळ तेवढाच राहिला आणि टाकीही अर्धी झाली.

माहितीपुस्तिका ४ ठेवा म्हणते, त्यामुळे ८ करा असं मी लेखी सांगणार नाही. माझ्या घरी मी ८ ला ठेवतो, वर वीतभर जागा मोकळी ठेवतो आणि अधूनमधून हात लावून बघतो.

---

द्राक्षबाग | मंगळवार, पहाटे ५:५०

पिंपळगाव बसवंतहून. इथे लाइटचा प्रश्न वेगळाच. रात्री सगळ्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज २५० ला जातं, दिवसा पंप चालू असले की १९०. माझा व्हॉल्व्हचा अॅम्प २२० व्होल्टवर गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आहे. २५० ला त्याचं ६.३ व्होल्टचं फिलामेंट सात व्होल्ट ओलांडतं. दोन हंगामांत ईएल३४ व्हॉल्व्हचा संच म्हातारा झाला. आता सर्व्हो स्टॅबिलायझर लावलाय. त्याची मोटर कुरकुरते म्हणून तो पडवीत ठेवलाय.

आणि इन्व्हर्टरवर असा अॅम्प चालवू नका. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर ट्रान्सफॉर्मर असा घुमतो की तानपुरा वेगळा लावायला नको.

क्लास-ए जातीचा अॅम्प मात्र इकडच्या थंडीत घ्याच. निफाड-पिंपळगावला डिसेंबरात पारा इतका उतरतो की बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. भाच्याचा २५ वॉटचा क्लास-ए गाणं न लावतासुद्धा दोनशेच्या वर वॉट खातो. मांजर त्याच्यावरच झोपतं.

---

उगाच_एक | मंगळवार, सकाळी ८:२०

म्हणजे कार्यक्षमतेचा हिशोब मांजरासकट धरावा. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

---

तंबोरा | मंगळवार, दुपारी ३:१०

इंदिरानगरमध्ये गाणं शिकवते. तुमचे ओहम मला कळत नाहीत, पण एक सांगू? अॅम्प निवडताना तुम्ही सगळे तबल्याच्या मागे लागता. मी जवारी ऐकते. तानपुऱ्याच्या चार तारा छेडल्या की पाठोपाठ एक झणत्काराची साखळी उलगडते, षड्जातून गंधार निघतो, तो हवेत थोडा वेळ राहतो. वाईट सिस्टीमवर ती साखळी फसफसते, सोडावॉटरसारखी. चांगल्यावर एकेक कडी सुटी ऐकू येते. यासाठी आवाज मोठा लागत नाही.

---

देवळालीकर | मंगळवार, दुपारी ४:००

ताई, लाख बोललात! हेच मी म्हणतोय. जुनं बघा ना. बीबीसीचा एलएस३/५ए स्पीकर, बुटांच्या खोक्याएवढी पेटी, सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३. पण १५ ओहमचा, गरीब गाय. साधा ईएल८४ चा अॅम्पही त्याला खेळवतो. आणि १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, ज्याच्याबरोबर क्वाडचाच १५ वॉटचा व्हॉल्व्ह अॅम्प लावायचे. आजही माणसं तो आवाज शोधत फिरतात.

---

मीटरवाले | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

सहमत, आणि तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. एलएस३/५ए कमी सेन्सिटिव्ह आहे, पण अवघड नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या कायम एकत्र करतात. कमी डीबीला व्होल्ट लागतात, कमी ओहमला करंट. गंगापूररोडकरांच्या स्पीकरला दोन्ही लागतं, म्हणून बाब बिकट.

क्वाडचा इम्पिडन्स तर वरच्या पट्टीत दोन ओहमच्याही खाली जातो. व्हॉल्व्ह अॅम्पने ते सोसलं. सुरुवातीच्या काही ट्रान्झिस्टर अॅम्पनी मान टाकली, काहींनी जाता जाता पॅनेलही जाळले. पुढे ऐंशीच्या दशकात अपोजी सिंटिला नावाचा रिबन स्पीकर आला, तो चक्क १ ओहमचा. त्याला क्रेलसारखे अॅम्प लागायचे, जे ओहम निम्मे झाले की वॉट जवळजवळ दुप्पट करत. माहितीपत्रक वाचताना हीच खूण बघायची: ८ ओहमला १०० आणि ४ ला १८०-२०० म्हणजे सप्लाय भक्कम. ८ ला १००, ४ ला १३० म्हणजे जेमतेम. ४ चा आकडाच दिलेला नाही, तर न विचारता कळावं.

आणि '७ x १००' चं छोट्या अक्षरातलं वाक्य वाचा. बहुतेक वेळा 'एक किलोहर्ट्झ, एक वाहिनी चालू' असं निघतं. दहा किलोच्या पेटीत सात वाहिन्यांना पुरेल एवढा ट्रान्सफॉर्मर मावत नाही.

---

गंगापूररोडकर | मंगळवार, रात्री ९:४५

रिसीव्हर ८ वर केला. 'टक्' आता उशिरा होतं, पण होतं.

माझं एक सुचवणं. रविवारी सगळे माझ्याकडे या. देवळालीकरांनी त्यांचा व्हॉल्व्ह आणावा, काकांनी त्यांचा अॅम्प. तंबोराताई परीक्षक. जेवण आमच्याकडे.

---

देवळालीकर | मंगळवार, रात्री १०:०२

३००बी आणणार नाही, ८९ डीबीचा टोमणा अजून विसरलो नाही. ईएल३४ चा पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीने काम करतात तो) आणतो, ३५ वॉटचा. फक्त जिना चढताना हात लावायला कोणीतरी हवं, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने धरणारं.

---

गंगापूररोडकर | पुढचा सोमवार, रात्री १०:१५

रविवारचा वृत्तांत

सहाजण जमलो. पिंपळगावची मंडळी क्रेट भरून द्राक्षं घेऊन आली. तीन जोड्या: (अ) माझा रिसीव्हर, (आ) देवळालीकरांचा ईएल३४, (इ) काकांचा जुना दोन वाहिन्यांचा पॉवर अॅम्प, ८ ओहमला ८० वॉट, ४ ला १५०. तो माझ्या रिसीव्हरच्या प्री-आउटला (बाहेरचा पॉवर अॅम्प जोडायच्या जागेला) जोडला. मला तर रिसीव्हरच्या मागे अशी भोकं आहेत हेच माहीत नव्हतं.

काकांनी आधी तासभर कोणालाही काही ऐकू दिलं नाही. ४०० हर्ट्झचा टोन लावून तिन्ही अॅम्पचा आवाज स्पीकरच्या टोकांवर बरोबर २.०० व्होल्टला आणला. म्हणाले, 'अर्धा डेसिबल जास्त असलेला अॅम्प माणसाला नेहमी गोड लागतो. त्याच्यावर लाखो रुपये गेलेत लोकांचे.' मग कपडे वाळत घालायची दोरी बांधून चादर टाकली आणि मुलीला पलीकडे बसवलं, कुठला अॅम्प चालू ते फक्त तिला माहीत.

हळू आवाजात अ आणि इ कोणालाही ओळखता आले नाहीत. कोणालाही. ताईंनी कागदावर 'पहिला व तिसरा एकच' लिहिलं. काका मिशीत हसत होते.

आ मात्र सगळ्यांनी ओळखला. गायकाचा आवाज किंचित पुढे, खालचा भाग भरदार, पण डग्ग्याची थाप दबलेली. देवळालीकर म्हणाले, 'ही व्हॉल्व्हची ऊब.' काकांनी मीटर लावला. ४०० ला २.००, ६० ला २.२३, ११० ला १.८०. मग इ लावला: तिन्हीकडे २.०० च्या आसपासच. म्हणजे व्हॉल्व्ह अॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स सुमारे एक ओहम, आणि माझ्या स्पीकरचा आलेख डोंगरदऱ्यांचा, त्यामुळे अॅम्प त्या डोंगरदऱ्यांबरोबर वरखाली जातो. दोन टोकांत जवळजवळ दोन डेसिबलचा फरक. इक्वलायझर लावल्यासारखंच, फक्त त्याची बटणं आपल्या हातात नाहीत, स्पीकरच्या हातात.

तरी दोघांना आ च आवडला, आणि त्यातले एक देवळालीकर नव्हते!

मग आवाज वाढवला. इ ने डग्गा असा दिला की शोकेसमधल्या वाट्या बोलल्या. रिसीव्हरने तिसऱ्या आवर्तनाला टक् केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. द्राक्षबाग म्हणाले, 'आता नाशिक ढोल लावू.' सौ.ने स्वयंपाकघरातून फक्त मान बाहेर काढली. नाही लावला.

---

तंबोरा | पुढचा सोमवार, रात्री १०:५०

एक मुद्दा वृत्तांतात आला नाही. मी तिथे म्हटलं होतं, पण टाळ्यांत राहून गेलं. तिन्ही अॅम्पवर तानपुरा मध्यात नव्हता, उजवीकडे सरकलेला होता. डाव्या स्पीकरची जवारी झाकल्यासारखी वाटत होती, तोंडावर पदर घेतल्यासारखी. अॅम्प बदलला तरी तेच, म्हणजे अॅम्पचा दोष नसावा.

---

नवश्या_गणपती | मंगळवार, सकाळी ९:००

मध्येच घुसतो. क्लास-डी (स्विचिंगवर चालणारा) अॅम्प का नाही? हलका, थंड, स्वस्त.

---

मीटरवाले | मंगळवार, सकाळी ९:४०

घ्या, जरूर घ्या. पूर्वीच्या क्लास-डीत आउटपुट फिल्टरमुळे वरच्या पट्टीचा आवाज स्पीकरच्या ओहमप्रमाणे बदलायचा. हायपेक्स कंपनीच्या एनकोरसारख्या मॉड्यूलमध्ये फीडबॅक (आउटपुट दुरुस्त करणारा परतीचा सिग्नल) फिल्टरच्या नंतर घेतात, त्यामुळे ती तक्रार उरली नाही. मात्र 'वजन बघून अॅम्प घ्या' हा माझ्या पिढीचा नियम तिथे लागत नाही. आणि ४ ओहमच्या आकड्यासोबत विकृती (डिस्टॉर्शन) किती टक्के दिलीय ते बघा. १० टक्क्यांचा आकडा जाहिरातीसाठी असतो.

ताई, तुमचा मुद्दा मी डोक्यात ठेवलाय. गंगापूररोडकर, डाव्या स्पीकरचे आकडे कुठे आहेत? 'दोन्ही मोजा' असं लिहिलं होतं मी.

---

गंगापूररोडकर | मंगळवार, सकाळी ९:५५

काका... कंटाळा आला होता. मुलीची झोपायची वेळ झाली होती.

---

मीटरवाले | मंगळवार, सकाळी १०:०१

डाव्याच्या मागे चार टर्मिनल आहेत ना? वरच्या आणि खालच्या जोडीला पितळी पट्ट्यांनी जोडलेलं असतं. हात लावून बघा.

---

गंगापूररोडकर | मंगळवार, रात्री ८:२०

वरची लाल पट्टी खुळखुळत होती. टेम्पोत सैल झाली असणार, नट दीड फेरा फिरला. पट्टी काळी पडली होती, पॉलिश पेपरने घासून बसवली. म्हणजे महिनाभर माझा डावा ट्विटर मनात आलं तर वाजत होता. ४०० च्या टोनवर सगळं बरोबर दिसत होतं, कारण ती पट्टी वरच्या भागाची.

ताईंना फोनवर ऐकवायचा प्रयत्न केला, त्यांनी फोनच ठेवला. म्हणाल्या, येऊन ऐकते.

---

मीटरवाले | मंगळवार, रात्री ८:४५

कान जिंकले. यात माझी हार आहे आणि ती मी लेखी देतो.

---

गंगापूररोडकर | तीन आठवड्यांनी, शनिवार, सायं. ७:३०

शेवटचं अपडेट. पुण्याच्या एकाकडून वापरलेला पॉवर अॅम्प घेतला, ८ ओहमला १००, ४ ला १९०, वजन १८ किलो. बजेटच्या निम्म्यात. टीव्हीसाठी रिसीव्हर तसाच आहे, गाण्याला प्री-आउटमधून हा. घेण्याआधी त्यांच्या घरी माझ्याकडचंच ध्वनिमुद्रण लावून ऐकलं. ट्रान्सफॉर्मर घुमतो का, दोन्ही वाहिन्या सारख्या आहेत का, गाणं न लावता स्पीकरच्या टोकांवर डीसी किती येतो, हे काकांच्या यादीप्रमाणे बघितलं. डीसी ८ मिलिव्होल्ट आला. काकांना फोन केला, ते म्हणाले, 'उचला.'

काल तंबोराताई आल्या होत्या. अर्धा तास नुसता तानपुरा ऐकला, आवाज बोलण्याइतकाच. मग म्हणाल्या, 'आता मध्यात आहे.' चहा घेतला आणि क्लासची वेळ झाली म्हणून गेल्या.

देवळालीकरांनी त्यांचा ईएल३४ महिनाभर ठेवायला देऊ केलाय, रात्रीच्या हळू गाण्यासाठी. नाही म्हणवलं नाही.

---

मीटरवाले | शनिवार, रात्री ८:१०

छान. माझा मीटर आणि १० ओहमचा रेझिस्टर अजून तुमच्याकडेच आहे.